कोरं पाणी

हरिश्चंद्र मांडवकरांनी आयुष्यात कुणाला नुसतं पाणी दिलं नव्हतं. मूळ गाव राजापूरकडचं. दारात आलेल्या माणसाला पाण्याबरोबर गुळाचा खडा द्यायचा ही तिथली रीत, आणि ती त्यांनी लालबागच्या खोलीतून भाईंदरला, नवघर रोडच्या चौथ्या मजल्यापर्यंत सांभाळून आणली होती. कुरिअर घेऊन आलेल्या पोरासमोरही ते पेल्याशेजारी गूळ ठेवायचे. पोरगा गोंधळून विचारायचा, "अंकल, इसका क्या करना है?" हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढे जो घोळ झाला तो या गुळाच्या खड्यामुळे झाला. मासे बिचारे निमित्त.

मासे आले ते सुनेमागून. मुलाचं, नीरजचं, लग्न मार्गशीर्षात झालं आणि रसिका घरी आली. गुणी मुलगी. मीरा रोडला एका ऑफिसात नोकरी, बोलणं मऊ, वागणं व्यवस्थित. पण फ्रिज उघडायच्या आधी ती अजून विचारायची, "आई, दही घेऊ का?" टीव्हीचा रिमोट हातात घ्यायची नाही. बाथरूममधला स्वतःचा टूथब्रश पिशवीत घालून परत खोलीत न्यायची, जसं काही उद्या-परवा निघायचंच आहे. हरिश्चंद्रांना मुलगी नव्हती. मुलींशी काय बोलायचं असतं हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यामुळे सासरा-सुनेचा सगळा संवाद म्हणजे "येते बाबा" आणि "सावकाश जा". ही पोर या घरात पाहुण्यासारखी राहतेय, हे त्यांना आत कुठेतरी सलत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं मात्र नाही. असल्या गोष्टी सांगायची त्यांच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

अशात होळीनंतर व्याही आले. रसिकाचे वडील जितेंद्रराव नोकरीतून निवृत्त होऊन ठाण्याचा फ्लॅट विकून चिपळूणला राहायला निघाले होते. त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतभर एक टँक होता, खाऱ्या पाण्याचा. गोड्या पाण्याचे मासे कुणीही पाळतं. हा अख्खा समुद्रच घरात आणून ठेवलेला. बापलेकीने मिळून तो रसिकाच्या शाळेपासून वाढवला होता. चिपळूणच्या वाडीत वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही, आणि वीज नाही तर त्या टँकातला संसार सकाळपर्यंत टिकायचा नाही.

जितेंद्ररावांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि पेल्याकडे बघत म्हणाले, "मुलगी दिली तेव्हा मी रडलो नाही, तुम्ही बघितलंत. आता मासे देताना रडलो तर हसू नका."

"अहो, द्या की!" हरिश्चंद्र म्हणाले. "तिचं ते आमचंच."

"बाकी सगळं रसिका बघेल. मीठ, दिवे, खाणं, तिला सगळं येतं. प्रश्न पाण्याचा आहे. नळाचं चालत नाही, टँकरचं तर नाहीच. त्यांना कोरं पाणी लागतं. ज्यात काही म्हणजे काही नाही असं. त्यात आपण मीठ घालायचं आणि समुद्र करायचा. तसलं मशीन मिळतं. बाकी काही नको."

हरिश्चंद्रांनी छातीवर हात ठेवला. "पाणी माझ्याकडे लागलं. शब्द दिला."

हरिश्चंद्रांच्या पत्नी दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होत्या. व्याही जाईपर्यंत त्यांनी दम धरला, मग विचारलं, "समुद्र इथे उत्तनला पडलाय अख्खा. रिक्षाने गेलं तर हंडाभर आणता येईल. आणि मीठ कुठलं घालणार?"

"पाकिटातलं असतं, आई," रसिका हळूच म्हणाली. "बाहेरच्या देशातून येतं."

"बाहेरच्या देशातून! खिडकीतून बघितलं तर मिठागरं दिसतात आपल्याला."

रसिका हसली. सासरी आल्यापासून ती एवढी मोकळी पहिल्यांदा हसली असेल. हरिश्चंद्रांनी ते बघितलं, आणि तिथेच त्यांनी मनाशी ठरवलं की मशीन असं आणायचं की या पोरीने बघत राहावं.

हरिश्चंद्रांची सगळी नोकरी अंधेरीच्या एका कंपनीच्या खरेदी विभागात गेलेली. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय तिथे साधी टाचणी आत येत नसे, आणि तिन्हींत जो स्वस्त त्यालाच ऑर्डर. त्या सवयीने ते तीन दुकानं फिरले. पहिलं होतं मीरा रोडचं माशांचं दुकान. दुकानाची मालकीण स्वप्नाली, हात कोपरापर्यंत ओला, तिने आतून एक सांगाडा आणून दाखवला. ना अंगावर झाकण, ना दिवा. नुसत्या नळकांड्या आणि शेवटी एक पारदर्शक नळी, तिच्यात साबुदाण्यासारखे दाणे भरलेले.

"आधीच्या नळ्या घाण काढतात, काका, आणि हे दाणे उरलंसुरलं ओढून घेतात. पाणी एकदम कोरं. चवसुद्धा नाही."

"पितात हे?"

"पिण्यासाठी नाही ते. त्यात काहीच नसतं ना."

हरिश्चंद्रांनी त्या सांगाड्याकडे बघितलं. दवाखान्यात सलाईनच्या नळ्या लोंबतात तसं काहीतरी ते दिसत होतं. सुनेच्या माहेरची माणसं यायची, ओट्यावर हे टांगलेलं बघायची. आणि माणसाला पिण्याच्या लायकीचं नाही ते पाणी तिच्या जिवाभावाच्या माशांना द्यायचं? छे.

दुसरं दुकान असंच तसंच. तिसरं नवघर रोडलाच, रोशनचं. त्याच्याकडचं मशीन नव्या नवरीसारखं नटून बसलेलं. काळी काच, निळा दिवा, आणि पोटात तांबूस चमकणारी एक नळी.

"सर, बाकी सब कंपनी पानी में से सिर्फ निकालती है," रोशन म्हणाला. "हमारावाला निकालता भी है और डालता भी है. कॉपर! दादा-परदादा लोग तांबे का पानी ऐसे ही थोडी पीते थे?"

आता हरिश्चंद्र रोज पहाटे उठून रात्री तांब्याच्या तांब्यात भरून ठेवलेलं पाणी प्यायचे. त्यांचे वडील प्यायचे, आजोबा प्यायचे. आजोबा नव्वदीतही आंब्यावर चढले होते. रोशनने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं.

व्याह्यांनी 'बाकी काही नको' म्हणून बजावलं होतं, हे त्यांना आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण लग्न ठरवताना 'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' असं म्हणणारे त्यांनी जन्मभर बघितले होते. 'काही नको' हे म्हणायचं असतं. मुलीचा बाप आणखी काय म्हणणार? ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यायचं. व्याह्यांनी भिडेपोटी कोरं पाणी मागितलं म्हणून कोरंच देणं ही काही माणुसकी नव्हे. गुळाचा खडा आपण आपल्या मनाने ठेवायचा. आयुष्यभर सगळ्यात स्वस्त कोटेशनला ऑर्डर दिलेल्या माणसाने त्या दिवशी सगळ्यात महाग मशीन उचललं आणि मिशीतल्या मिशीत हसत तो घरी आला.

टँक टेम्पोतून आला. सोसायटीची माणसं जिन्यात उभी राहून बघत होती. पाणी स्थिरावल्यावर, दिवे लागल्यावर घरातले सगळे समोर बसले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी होती, आणि ती जोडी राहायची मावशीच्या कुशीत. मावशी म्हणजे समुद्रफूल. दिसायला फूल, पण जिवंत प्राणी. दगडाला चिकटून बसलेला, बोटं हलवत राहणारा. नाव जितेंद्ररावांनी ठेवलेलं. शिवाय दोन कोळंब्या, पाठीवर पांढरी रेघ आणि मिशा लांबच लांब. त्या माशांच्या अंगावर चढून त्यांना साफ करायच्या आणि मासे शहाण्या पोरासारखे उभे राहायचे.

"कोळंबी ती कोळंबी," दुर्गाबाई म्हणाल्या, "पण हिच्याकडे बघून वाटण आठवत नाही, हे विशेष."

शेजारच्या हंसाबेन मुद्दाम बघायला आल्या. त्यांच्या घरात कांदासुद्धा जपून. "दुर्गाबेन, तुम लोग खाते भी हो, पालते भी हो. ऊपरवाला हिसाब कैसे रखेगा?" असं म्हणाल्या आणि मग तासभर हलल्या नाहीत.

कामं वाटली गेली. स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत दोन ड्रम ठेवले. पांढरा ड्रम टँकसाठी. तो दर शनिवारी मशीनच्या पाण्याने भरून ठेवायचा, हे हरिश्चंद्रांचं काम. निळा ड्रम दुर्गाबाईंचा. मशीन जितकं चांगलं पाणी देतं त्याच्या कितीतरी पट वाया घालवतं, हे कळल्यावर त्यांना ते बघवेना. भाईंदरला नव्याने आल्या तेव्हा टँकरमागे हंडा घेऊन धावलेली बाई ती. वाया जाणारा थेंबन् थेंब निळ्या ड्रममध्ये पडेल अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. फरशी, संडास, बाल्कनीतल्या कुंड्या, सगळं त्यावर.

दुसऱ्या शनिवारनंतर दोन्ही कोळंब्या मेल्या. एक दगडामागे सापडली, एक वाळूवर. मावशी मुठीएवढी आक्रसली आणि तिचं तोंड उघडं पडलं. मासे तिच्याभोवती घिरट्या घालत राहिले. आत शिरायला त्यांना जागाच उरली नव्हती.

रसिका स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हरिश्चंद्र आत गेले तेव्हा ती मशीनसमोर उभी होती. तांबूस नळीवरचं स्टिकर वाचत असावी. त्यांना बघून तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "प्रवास झेपला नसेल बाबा त्यांना. होतं असं."

"मावशी?"

"बघू. होईल बरी."

हरिश्चंद्रांना वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं. प्रवासाचा दोष आपल्याकडे येत नव्हता.

मावशी खरंच सुधारली. आधी एक बोट उघडलं, मग दोन, आणि महिन्याभरात ती ताटाएवढी फुलून डोलायला लागली. मासे पुन्हा कुशीत गेले.  आता बागेतल्या कट्ट्यावर हरिश्चंद्र कुणी विचारो न विचारो सांगू लागले, "सगळं पाण्यावर असतं बघा. मरणाच्या दारातून आणली आमच्या मशीनने." ऐकणाऱ्यांना वाटायचं यांची कुणी मावशी आजारी होती. एकाने तर भेटायला यायची तयारी दाखवली.

या दिवसांत एक गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबी डोक्यात बसेना. दुर्गाबाईंचा निळा ड्रम सारखा भरून वाहायचा. मशीन चालायचं ठराविक वेळ, वाया जाणार ठराविक पाणी, आणि ड्रममध्ये त्याहून कितीतरी जास्त. दुर्गाबाई खूश होत्या. त्या हंसाबेनना जिना धुवायला बादल्या देऊ लागल्या होत्या. "देवाची कृपा," त्या म्हणायच्या. खरेदी विभागात चाळीस पिशव्या मागवून साठ आल्या तर त्याला कुणी देवाची कृपा म्हणत नाही. चौकशी लागते.

चौकशी करायची वेळच आली नाही. एका रविवारी चिपळूणहून फोन आला. मुलं सिनेमाला गेलेली. हरिश्चंद्रांनी मावशीची खुशाली सांगितली आणि ओघात म्हणाले, "जितेंद्रराव, मी म्हणतो तुम्हीही तिकडे तांब्याचंच मशीन घ्या. पाणी काय देतं!"

"हो, हो. तांबं चांगलंच हो," जितेंद्रराव म्हणाले. "आणि रसिका अजून दुकानातूनच पाणी आणते का, की—"



"दुकानातून म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आंबा यंदा कमी आहे इकडे."

"जितेंद्रराव."

खोटं बोलणं हे ज्याचं त्याने करावं. व्याह्यांना ते जमण्यातलं नव्हतं. सगळं बाहेर आलं. तांबं माणसाला मानवतं. माशांनाही थोडंफार चालतं. पण कोळंबीला आणि मावशीसारख्या जिवांना ते विष. थेंबाथेंबाने चढणारं. रसिकाच्या ते कोळंब्या गेल्या त्याच दिवशी लक्षात आलं होतं. तेव्हापासून ती ऑफिसातून येताना मीरा रोडच्या दुकानातून कोऱ्या पाण्याचे कॅन स्कूटीवर घालून आणत होती, आणि हरिश्चंद्र फिरायला गेले की पांढऱ्या ड्रममधलं त्यांचं पाणी निळ्या ड्रममध्ये ओतून आपलं पाणी भरून ठेवत होती.

"मला शपथ घातली होती हो तिने," जितेंद्रराव म्हणाले. "म्हणाली, बाबांनी एवढ्या हौसेने आणलंय. शनिवारी ड्रम भरताना बघा तुम्ही त्यांना, पूजेला बसल्यासारखे असतात. त्यांना कळलं तर मोडून पडतील."

हरिश्चंद्रांनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि ते जेसल पार्कच्या चौपाटीवर जाऊन बसले. समोर खाडी, ओहोटी लागलेली. आधी राग आला. घरातल्या कर्त्या माणसाला एका शब्दाने सांगू नये? मग त्या दोन कोळंब्या डोळ्यांपुढे आल्या, मिशा हलवत माशांच्या पाठीवर चढणाऱ्या, आणि राग कुठल्या कुठे गेला. गूळ म्हणून आपण त्यांच्या तोंडात विष घातलं. शब्द दिला होता आपण. आणि ही पोर दिवसभर काम करून, पाण्याचे कॅन उचलत जिना चढत होती, का, तर सासऱ्याचं मन मोडू नये. सख्ख्या मुलीने आणखी काय केलं असतं? फुगे विकणाऱ्या बाईने दोनदा वळून बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

दुसऱ्या दिवशी ते मीरा रोडला त्या पहिल्या दुकानात गेले. स्वप्नालीने ओळखलं.

"काका, तुम्ही रसिका मांडवकरचे कोण?"

"सासरा. तो दाण्यांचा सांगाडा आहे का अजून? नुसती ती नळी मिळाली तरी चालेल. आणि ऐक, तिला यातलं काही सांगू नकोस."

स्वप्नाली हसायला लागली. "तीपण मला हेच सांगून ठेवते."

मुलं कामावर गेल्यावर त्यांनी प्लंबर साईराजला बोलावलं. मशीनच्या पोटातली तांब्याची नळी काढली, दाण्यांची नळी ओट्याखाली सिलिंडरमागे बसवली, आणि तिथून पाइप पांढऱ्या ड्रममध्ये सोडला. वरून सगळं होतं तसं. काळी काच तशी, निळा दिवा तसा. दुर्गाबाई दारात उभं राहून सगळं बघत होत्या आणि एक अक्षर विचारत नव्हत्या. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं, पण हरिश्चंद्रांचं तिकडे लक्ष नव्हतं.

आता झाली पंचाईत. पाणी सुधारलं, पण हे रसिकाला सांगायचं कसं? सांगावं तर मला सगळं कळलंय हे कबूल करावं लागणार, आणि मग तिने इतके दिवस उचललेल्या कॅनांवर पाणी पडणार. न सांगावं तर ती उचलतच राहणार. नाव हरिश्चंद्र, आणि घरात चोरासारखे वावरत होते. दर शनिवारी ते पांढरा ड्रम निर्मळ, कोऱ्या पाण्याने भरायचे. ते फिरायला गेले की रसिका ते निळ्या ड्रममध्ये ओतायची. आणि सोमवारी दुर्गाबाई त्याने फरशी पुसायच्या. इतक्या शुद्ध पाण्याने पुसलेली फरशी अख्ख्या नवघर रोडवर दुसरी नसेल. हंसाबेनचा जिना तर आरशासारखा झाला होता.

तिढा सुटला तो लिफ्टमुळे. वैशाखातल्या एका शनिवारची संध्याकाळ, लिफ्ट बंद. हरिश्चंद्र फिरायला म्हणून उतरत होते आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर रसिका समोर आली. दोन्ही हातांत कॅन, ओढणी कंबरेला बांधलेली, केस कपाळाला चिकटलेले. दोघंही जागच्या जागी थांबले.

"बाबा, हे... ऑफिसातलं," ती म्हणाली. "म्हणजे वाढदिवस होता एकीचा. सरबत उरलं."

एवढं पाणीदार सरबत कुणी बघितलं नसेल. हरिश्चंद्र दोन पायऱ्या खाली उतरले. त्यांनी तिच्या हातातला एक कॅन घेतला, मग दुसराही घेतला आणि वर चढायला लागले. ती मागून "बाबा, राहू द्या, बाबा, जड आहे" म्हणत आली. घरात शिरून ते सरळ ड्राय बाल्कनीत गेले. निळ्या ड्रमचं झाकण काढलं आणि दोन्ही कॅन, शेवटच्या थेंबापर्यंत, त्यात उपडे केले.

"बाबा!"

"पांढऱ्यातलं घे," हरिश्चंद्र म्हणाले.  "तुझा तो मीटर लावून बघ आधी. मग घे."

पाण्यात काय काय विरघळलंय ते आकड्यात सांगणारा पेनाएवढा मीटर रसिकाच्या पर्समध्येच असायचा. तिने तो पांढऱ्या ड्रममध्ये बुडवला. आकडा हलला, घुटमळला आणि शून्यावर येऊन थांबला. तिने मीटर झटकून परत बुडवला. शून्य.

तिने वर बघितलं. "कधीपासून?"

"झाले काही शनिवार."

"म्हणजे तेव्हापासून मी चांगलं पाणी..."

"फरशी स्वच्छ निघतेय," दुर्गाबाई मागून म्हणाल्या. "मला वाटलं होतं आषाढापर्यंत चालेल तुमचं."

दोघांनी वळून बघितलं. दुर्गाबाई भाजी निवडत होत्या. "अगं, कॅन जिन्यातून येतात आणि मला दिसत नाहीत? आणि हे साहेब सिलिंडरमागे नळी लपवतात, सिलिंडर बदलायचा कोणी? मी. दोघांनी आपापलं मन जपलंत. मी म्हटलं, जपू देत."

रसिका आधी हसली आणि मग रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बाबा, मी सांगायला हवं होतं."

"नव्हतं सांगायला हवं," हरिश्चंद्र म्हणाले. मग बराच वेळ ते ड्रमचं झाकण उगाच नीट बसवत राहिले. "त्या दोन कोळंब्या माझ्यामुळे गेल्या, पोरी. तुझ्या वडिलांनी कोरं मागितलं होतं. मला वाटलं, नुसतं पाणी कसं द्यायचं."

रसिकाने डोळे पुसले. "परत आणूया का कोळंब्या?"

"नको," ते लगेच म्हणाले. "माझ्या पाण्यात नको."

"तुमच्या पाण्यातच आणूया," ती म्हणाली. असं ठामपणे ती या घरात पहिल्यांदाच बोलली.

रविवारी ते दोघं स्कूटीवरून मीरा रोडला गेले. परत येताना प्लास्टिकच्या पिशवीतल्या दोन कोळंब्या हरिश्चंद्रांनी दोन्ही हातांत अशा धरल्या होत्या की सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, प्रसाद आहे का. घरी आल्यावर रसिका बाजूला सरकली. "तुम्ही सोडा, बाबा." पिशवीतलं आणि टँकमधलं पाणी थोडं थोडं मिसळत, धीराने, त्यांनी त्या सोडल्या. एक तडक दगडामागे गेली. दुसरी मावशीच्या शेजारी बसून मिशा हलवायला लागली.

नंतरचे दिवस हरिश्चंद्रांचे टँकसमोरच गेले. पेपर उलटा धरलेला असला तरी त्यांना कळायचं नाही. आणि एका पहाटे ते नेहमीसारखे आपला तांब्याचा तांब्या घेऊन हॉलमध्ये आले आणि त्यांनी टँकचा दिवा लावला. वाळूवर कोळंबी पडली होती. उताणी, पाय आकसलेले, अंगातला रंग गेलेला, पार आरपार दिसणारी.

तीच जागा. तसंच मरण.

क्षणभर त्यांच्या मनात आलं, जाळीने काढावी, गुपचूप कुंडीत पुरावी. विचारलंच कुणी तर दगडामागे असेल म्हणावं. एवढं लपवलं, आणखी थोडं. पण पाय तिकडे वळलेच नाहीत. ते तसेच मुलांच्या खोलीच्या दाराशी गेले आणि त्यांनी कडी वाजवली.

"रसिका. ऊठ गं. माझ्या पाण्याने परत गेली गं एक. मी म्हटलं होतं नको. ये जरा."

रसिका डोळे चोळत बाहेर आली, मागून नीरज, त्याच्या मागून पदर सावरत दुर्गाबाई. रसिका टँकजवळ वाकली. एवढा वेळ वाकून राहिली की हरिश्चंद्रांना धीर धरवेना. मग तिने बोटाने दगडामागे दाखवलं. तिथे एक कोळंबी बसली होती, लालभडक, आणि तिच्या शेजारी दुसरी, तिच्याहून लाल. दोन्ही मिशा हलवत होत्या.

"मग ही कोण?" हरिश्चंद्रांनी वाळूकडे बोट केलं.

"ही तिची कात आहे, बाबा." रसिका हसायला लागली. "कात टाकलीय तिने. वाढायला लागल्या की टाकतात. पाणी बरोबर नसेल तर त्यांना ती नीट टाकताच येत नाही, अडकून मरतात. हिने बघा कशी अख्खी काढून ठेवलीय."

"मेली नाही?"

"वाढतेय ती. तुमच्या पाण्यात."

हरिश्चंद्र सोफ्यावर बसले.  दुर्गाबाई काहीतरी टोमणा मारायच्या बेतात होत्या, पण त्यांनी तो गिळला आणि चहा टाकायला गेल्या. नीरज पुन्हा झोपायला गेला. रसिका सासऱ्याच्या शेजारी बसली आणि तिने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. मघापासून, टँकपाशी उभं असतानासुद्धा, तो त्यांच्या हातात तसाच होता, काठोकाठ भरलेला.

"आणि हा," ती म्हणाली, "उद्यापासून स्वयंपाकघरात प्यायचा. इथे आणायचा नाही. या घरात हे चालणार नाही, सांगून ठेवते."

"बरं," हरिश्चंद्र म्हणाले.

तिने तांब्या आत नेऊन ठेवला, फ्रिज उघडला, कुणाला न विचारता दूध काढलं आणि आईंच्या हातात दिलं.